माजघरातला दिवा आणि आईच्या ट्रंकेतले खण

मिरजेच्या आमच्या घरात माजघराच्या मधोमध एक लोंबता दिवा आहे. पितळी रंगाची साखळी, वर पालथी वाटी, खाली चुण्या घातलेल्या कापडाची शेड. बाबांनी तो १९७८ साली आणला, मी जन्मले त्या वर्षी. मूळ कापड मोतिया रंगाचं होतं असं आई सांगते; मला आठवतं तेव्हापासून ते चहा सांडून वाळल्यासारखंच दिसतंय. गेल्या दिवाळीआधी जळमटं काढताना केरसुणीचा जरासा धक्का लागला आणि शेडची एक अख्खी बाजू भाजलेल्या पापडासारखी तुटून खाली आली.

"काढून टाक आता. नवा घेऊ," आई म्हणाली. म्हणाली खरी, पण खाली पडलेले तुकडे तिने केरात टाकले नाहीत, वर्तमानपत्रावर गोळा करून ठेवले. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं, सांगाडा धड आहे, मी करते. पुण्याला परत जायला अकरा दिवस होते.

मेन पाडण्याआधी टेस्टर एका चालू प्लगमध्ये घालून पेटतो का ते बघितलं, कारण बिघडलेला टेस्टरही 'वीज नाही' असंच सांगतो. आमचं निम्मं घर अजून किटकॅट फ्यूजवर, म्हणजे उपटून काढायच्या जुन्या चिनीमातीच्या फ्यूजवर आहे आणि कुठल्या फ्यूजवर काय चालतं हे फक्त बाबांना ठाऊक होतं. त्यामुळे एकेक फ्यूज उपटत बसण्यापेक्षा सगळंच बंद केलं, सिलिंग रोजच्या, म्हणजे छतावर दिव्याची वायर जोडतात त्या गोल डबीच्या, दोन्ही टोकांना पुन्हा टेस्टर लावला आणि मगच हात घातला. शेजाऱ्यांकडून शिडीचा घोडा आणला होता. तो आईने धरला, मी वर चढले.

वायर हातात आली तेव्हा अंगावर काटा आला. कापडी वेष्टणाची, पीळ दिलेली जुनी जोडवायर. वरून अगदी ठणठणीत. वेष्टण जरा मागे सारलं तर आतलं रबर नखाने टोकरताच टोस्टच्या चुऱ्यासारखं खाली पडलं, तांब्याच्या उघड्या तारा दिसायला लागल्या. एक वायर दुसरीला टेकायचीच बाकी होती. होल्डर बेकेलाइटचा, तोंडाशी तडकलेला. या शेडमध्ये वर्षानुवर्षं साठचा पिवळा बल्ब होता. त्या बल्बात जळणाऱ्या विजेचा जेमतेम पाच-दहा टक्के उजेड होतो, बाकीची सगळी उष्णता. तीच वर चढून रबर आणि कापड दोन्ही भाजत राहिली. तुमच्याकडे असा जुना दिवा असेल तर तो दिसायला कितीही छान असो, आधी वायर उघडून बघा. मी हे कळकळीने सांगते आहे.

जुनं कापड सोडवायला एक दुपार गेली. खालच्या कडीला ते डिंकाने चिकटवलं होतं, पण वरच्या कडीला शिवलेलं होतं. तारेवर सुती फीत गुंडाळलेली आणि त्या फितीत बारीक, एकसारखे टाके. ज्याने कोणी हे केलं त्याचा हात फार चांगला होता. तेव्हा मी नुसतं कौतुक केलं आणि पुढे गेले. ते टाके तिथे का आहेत हे मला चार दिवसांनी कळायचं होतं.

मग पितळ. घासायला घेण्याआधी आईने फ्रिजवरचं लोहचुंबक आणून हातात दिलं. वाटीला चुंबक चिकटलं नाही, म्हणजे ती लोखंडाची नव्हती, पितळेची असावी. साखळीला मात्र टक्कन चिकटलं. ती लोखंडाची, वरून पितळी मुलामा. मुलामा घासला की तो निघून जातो आणि खालचं लोखंड उघडं पडतं, म्हणून साखळी फक्त कोमट साबणपाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने धुतली आणि लगेच पुसून उन्हात ठेवली. वाटीवर जुन्या वार्निशचा पिवळट थर होता. चिंच त्यावर नुसती फिरत राहिली, काही उतरेना. थिनरने वार्निश काढल्यावर मग चिंचेचा कोळ आणि मीठ. काठाशी जिथे कळकलं होतं ते हिरवं क्षणात गेलं. पण लोभ धरून कोळ लावून ठेवू नये. मी दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी बोलत राहिले आणि परत येईपर्यंत एका बाजूला तांबूस छटा आली होती. आंबटाने पितळेच्या वरच्या थरातलं जस्त निघतं आणि तांबं मागे राहतं. पितांबरी लावून ती बाजू परत जागेवर आणायला अर्धा तास गेला.

छताला ज्या लाकडी गट्टूवर हे सगळं टांगलेलं होतं तो मात्र देखणा निघाला. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत दहा मिनिटांवर. तिथल्या एका कारागिरांनी बाटलीभर चपडा दिला. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, तिचं हे पॉलिश. "घाई करायची नाही. बोळा हलका फिरवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा फिरवायचं," एवढंच सांगितलं त्यांनी. पैसे घेतले नाहीत. पाच हात दिल्यावर तो गट्टू मधासारखा दिसायला लागला.

तारेचा सांगाडा म्हणजे दोन कड्या आणि सहा उभ्या तारा. गंज पॉलिश पेपरने उतरवला, आधी १२० नंबर, मग २२०. त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर आणि पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात. पांढराच का, तर रंग गडद असला की कापडातून तारा जास्त ठळक दिसतात. गंज तसाच ठेवला तर पावसाळ्याच्या दमट हवेत तो कापडावर उतरतो आणि तो डाग काही केल्या निघत नाही.

इथपर्यंत सगळं दुरुस्तीचं काम. खरा प्रश्न कापडाचा होता, आणि त्याचं उत्तर आईच्या ट्रंकेत होतं.

आपल्याकडे प्रत्येक बाईच्या कपाटात खणांचा एक गठ्ठा असतो. लग्नातली ओटी, डोहाळजेवण, बारसं, माहेरी आल्यावर निघताना भरलेली ओटी. चोळ्या आता फारशा कोणी शिवत नाही, त्यामुळे निम्मे खण या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात. पण आईने चांगले खण बाजूला काढून ठेवलेले होते. मिरज कर्नाटकच्या सीमेजवळचं गाव, आणि खण येतो तो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून, बदामीच्या जवळ. आईच्या लहानपणी तिकडचे व्यापारी गाठोडी घेऊन दारावर यायचे. ट्रंकेतून चौदा खण निघाले. सगळे तिकोनी घड्या घातलेले, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे.

पहिली परीक्षा आगीची. प्रत्येकाचा कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने विस्कटते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. चौदातले पाच असे मणीवाले निघाले, ते लगेच बाद. बल्बाभोवती वितळणारं कापड मला नको होतं.

दुसरी परीक्षा उजेडाची, आणि या सगळ्या खटाटोपात मी काही शिकले असेन तर ते इथे. आईचा आग्रह एका खणासाठी होता. डाळिंबी रंगाचा, रुंद पिवळ्या काठाचा, माझ्या वेळच्या डोहाळजेवणाच्या ओटीतला. खिडकीशी धरला तेव्हा तो सगळ्यांत सुंदर होता. आडवे धागे एका रंगाचे, उभे दुसऱ्या, त्यामुळे हलवला की रंग बदलायचा. मी जवळजवळ कात्री लावणारच होते. मग सहज, बघूया तर, म्हणून रात्री माझ्या जुन्या टेबललॅम्पवर तो पसरला.

काळा पडला. डाळिंबी गेला, बुट्टे गेले, राहिलं ते काजळी धरलेल्या काचेसारखं काहीतरी. आई काही बोलली नाही. मी दुसरा खण घातला, गर्द हिरवा. तोही काळा. निळा राखाडी झाला. जांभळा तर असून नसल्यासारखा. दिवसा कापडावर पडून परत येणारा उजेड आपण बघतो आणि शेडमध्ये आरपार येणारा. एकाच कापडाचे हे दोन चेहरे आहेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज लागत नाही.

मग हळदीच्या रंगाचा एक खण लावला. दिवसा त्याच्याकडे कोणी वळून बघितलं नसतं, पिवळ्यावर पिवळे बारीक बुट्टे, एवढंच. दिव्यावर टाकला आणि दोघी एकदम गप्प झालो. सगळं कापड तुपासारखं उजळलं. खणाचे बुट्टे जादा उभ्या धाग्यांनी विणलेले असतात. एका बुट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत ते धागे कापडाच्या मागून जातात, समोरून दिसत नाहीत. उजेड मागून आला तेव्हा ते दिसले. बुट्ट्याखाली बुट्टा, आणि मध्ये केसाएवढ्या सावळ्या रेघा, देठाला कळ्या लागाव्यात तशा. विणणाऱ्याने कापडाच्या पाठीशी लपवलेलं काम दिव्याने पुढे आणलं होतं. चौदा खणांतून दोन ठरले, एक हा हळदी आणि दुसरा श्रीखंडासारखा फिका केशरी.

आता माप. वरची कडी २५ सेंटीमीटर व्यासाची, खालची ४०, तिरपी उंची २८. अशा शेडचं कापड एकसंध कापायचं तर ते जपानी पंख्यासारखं गोलाईत कापावं लागतं. वर्तमानपत्रं जोडून तसा आकार काढून बघितला. मधले बुट्टे सरळ उभे राहत होते, पण कडेला जाईपर्यंत ४५ अंशांहून जास्त कलंडत होते. शिवाय त्याला मीटरभराहून जास्त रुंद कापड हवं, आणि माझ्या खणांचा पन्हा ८० सेंटीमीटर. म्हणून सहा तारांमध्ये सहा पाकळ्या ठरवल्या. खाली २१ सेंटीमीटर, वर १३, दोन्ही बाजूंना दीड-दीड शिलाईसाठी. दोन्हीकडचे चार-चार सेंटीमीटरचे काठ सोडले तर एका खणात जेमतेम तीन पाकळ्या बसतात, बरोबर ७२ सेंटीमीटर. कात्री लावताना श्वास रोखला होता.

आणि मग मी चूक केली. शिवण्याचा कंटाळा म्हणून पहिल्या दोन पाकळ्या लाकडाला लावतात त्या पांढऱ्या गोंदाने तारांना चिकटवल्या. वाळल्यावर गोंद पारदर्शक होतो, दिवसा काही कळलं नाही, उलट काम सफाईदार दिसत होतं. रात्री टेबललॅम्प आत ठेवला तर तारेच्या दोन्ही बाजूंना गोंद जिथे जिथे कापडात मुरला होता तिथे तिथे वेडेवाकडे ओघळ दिसले, ओल्या भिंतीवर दिसतात तसे. मला रडूच फुटायचं बाकी होतं. तीनपैकी दोन हळदी पाकळ्या वाया गेल्या असं वाटलं. आईने त्या कोमट पाण्यात घातल्या, तासभर भिजू दिल्या आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळत सगळा गोंद काढला. हा गोंद अजून पुरता मुरलेला नव्हता म्हणून जमलं. दोन दिवस गेले असते तर नसतं जमलं.

तेव्हा त्या जुन्या कारागिराचे टाके आठवले. तारेला गोल गोल फीत गुंडाळायची, घट्ट, एकावर एक थोडी चढवत. टाका तारेला धरत नाही, फितीला धरतो. कडेला न सरकणारी फीत हाच सगळ्याचा पाया. दोन्ही कड्यांना गुंडाळायला मला दीड तास लागला आणि बोटांना फोड आला.

पाकळ्या आईच्या पायमशीनवर एकमेकींना जोडल्या, एक हळदी, एक केशरी अशा आलटून पालटून. प्रत्येक जोड बरोबर उभ्या तारेवर येईल असं माप धरलं होतं. जोडावर कापड दुहेरी होतं, उजेडात त्याची काळी रेघ दिसणारच. तारेचीही दिसणार. मग दोन रेघा असण्यापेक्षा एकीवर एक बसवलेल्या बऱ्या. पहिल्यांदा टोपडं चढवलं तर सेंटीमीटरभर ढगळ झालं, पोट सुटल्यासारखं लोंबलं. उसवून सगळे जोड पुन्हा आत घेतले. दुसऱ्यांदा चढवताना ओढून ताणावं लागलं, तेव्हा कळलं की माप आता बरोबर आहे.

हाताने शिवताना एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेलं तर शेवटी सगळी सुरकुती एका जागी जमते. म्हणून तबला लावताना समोरासमोरच्या घरांवर ठोकत जातात तसं केलं. एका पाकळीला चार टाके, मग तिच्या समोरच्या पाकळीला चार. धाग्याला मेण ओढून घेतलेलं, त्याने गाठ सुटत नाही. वरची कडी मी शिवली. खालची आईने, दोन दुपारी, रेडिओ ऐकत. तिच्या टाक्यांसमोर माझे कोणी बघू नयेत. अस्तर लावावं का यावर आमचं बरंच बोलणं झालं. आतून पांढरं मलमल लावलं तर तारांच्या सावल्या मऊ होतात हे खरं, पण मग मागच्या त्या देठांच्या रेघाही पुसट होतात. अस्तर लावलं नाही.

वीजजोडणी मी केली नाही. ते काम वायरमनचं. आमच्याकडे येणारे दादा बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी जुनी वायर हातात घेतली आणि नुसती मान हलवली. "काकी, ही एवढी वर्षं चालली कशी?" छताशी फक्त दोनच वायरी होत्या, अर्थिंग नव्हतंच. पितळी वाटी आणि लोखंडी साखळी असलेल्या दिव्याला अर्थिंग पाहिजेच, यावर ते ठाम होते. आतली एखादी वायर सुटून धातूला लागली तर पुसायला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. त्यांनी बोर्डापासून हिरवी वायर पट्टीतून वर आणली, खाली नवी तीन कोअरची वायर सोडली, हिरवी वाटीला नटाने आवळली. होल्डर आयएसआय मार्कचा. वायर साखळीच्या कड्यांमधून सैलसर ओवली, म्हणजे वजन साखळीवर आणि वायर मोकळी.

त्यांच्याच पिशवीतला ९ वॅटचा एलईडी त्यांनी लावून दाखवला. मेन चढवला, बटण दाबलं, आणि माझा चेहरा पडला. हळदी खण लिंबाच्या सालीसारखा फिका हिरवट दिसत होता, केशरी तर ओळखूच येत नव्हता. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं होतं, दुकानात सहज मिळतो तो पांढराफेक उजेड. मी तशीच चप्पल घालून बाजारात गेले आणि २७०० केल्विनचा वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, घेऊन आले. वॅट तेवढेच. दुधी काचेचा घेतला, कारण साध्या काचेच्या फिलामेंटवाल्या बल्बाने तारांच्या सहा सावल्या भिंतींवर करकरीत उमटतात. बल्ब आणि कापड यांत जिथे सगळ्यांत कमी अंतर आहे तिथेही नऊ सेंटीमीटर राहतं, आणि वरचं तोंड उघडं असल्याने जी काही ऊब होते ती निघून जाते. तासाभराने कापडाला हात लावून बघितला, गार होतं.

राहता राहिली खालची कडी. तिथले टाके झाकायला पट्टी हवी होती. हळदी खणाचा काठ लावून बघितला, फार मिळमिळीत वाटला. आई आत गेली आणि तो डाळिंबी खण घेऊन आली. "ह्याचा काठ घे." मी म्हटलं, अगं, तो काळा दिसतो. "कडीवर काय, तिथनं उजेड येतोच कुठे?"

बरोबर होतं. कडीवर तार, फीत, दुमडलेलं कापड असे तीन थर आहेत, तिथून काही आरपार येत नाही. दोन्ही बाजूंचे काठ मिळून १४० सेंटीमीटर भरले, कडीचा घेर १२६. काठाला लागून बोटभर डाळिंबी पट्टी ठेवून आईने तो स्वतः कापला आणि स्वतःच शिवला. रात्री दिवा लागला की खाली एक गर्द रेघ दिसते आणि तिच्यावर हळदी-केशरी उजेड उभा असतो. सकाळी दिवा बंद असताना पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं, तेव्हा बाकीचं कापड साधंसुधं वाटतं आणि ती डाळिंबी कडाच नजरेत भरते.

पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी आई त्या दिव्याखाली तांदूळ निवडत बसली होती. मी बॅग भरत होते. काठ नसलेला तो खण अजून मशीनवर पडला होता, मला वाटलं त्याचं काहीतरी छोटं शिवावं, एखादी पिशवी वगैरे. विचारायला वळले तर तिने तो उचलला होता आणि मांडीवर ठेवून त्याची पुन्हा तिकोनी घडी घालत होती.